आठ वाजताची पातेली

लष्कराने सत्ता बळकावल्यापासून मंडालेच्या त्या गल्लीत रोज रात्री आठला निषेधाची पातेली वाजत. सान यी तेवढी भीतीने दार लावून बसे. संपावर गेलेली शेजारची शिक्षिका नीलार तिला चिडवायची, "मावशी, पातेल्याला पोचे पडतील म्हणून जपताय होय?"

शेवटी एके दिवशी सान यीला स्वतःचीच लाज वाटली. तिने बंद दाराआडच पातेलं घेतलं आणि आजवर गिळलेला सगळा राग त्यावर काढला. गल्ली शांत झाली तरी तिचा हात थांबेना.

दमल्यावर नीलारला सांगायला म्हणून तिने हसतच दार उघडलं. उंबऱ्यावर नीलारची आई बसली होती.

"शिपायांनी नेलं तिला. लपायला घरात घ्या म्हणून तुझंच दार बडवत होती गं... ऐकू नाही आलं तुला?"