कागदवाल्याचा ब्लॉग

“आज किती जणांनी वाचलं?” राजमहंमदनी विचारलं.

“एकानं,” त्यांची लेक अफिफा म्हणाली.

दर खेपेला एकच. पण म्हाताऱ्याचा चेहरा तेवढ्यानंही खुलायचा. जुन्नरात हातानं कागद करणारं त्यांचं एकच घर उरलं होतं, आणि त्या घरातला मुलगा अरफात मोबाइलचं दुकान टाकून बसला होता. लगद्यात हात घालायला तो कशाला येतोय! उपकार केल्यासारखा एक ब्लॉग तेवढा त्यानं बापाला उघडून दिला. फुकट असतो, म्हणाला. लिहायचं, बटण दाबलं की जगभर दिसतं, वाचणारे खाली प्रश्न विचारतात, किती जणांनी पाहिलं तो आकडाही मिळतो.

राजमहंमदना दिसायचं कमी झालेलं. म्हणून अफिफा दर जुम्म्याला मंचरहून, सासरहून यायची. ते सांगायचे, ती टाइप करायची.

आता गंमत बघा. हीच अफिफा लहानपणी लगद्याच्या हौदापाशी फिरकली की मार खायची. पोरगी परक्या घरी जाणार, आपला हुन्नर तिकडं नेणार, म्हणून लेकींना शिकवायचं नाही, अशी त्या घराची रीत. तिनं रडून पाहिलं, उपाशी राहून पाहिलं. अब्बा बधले नाहीत. आणि आता तेच अब्बा चिंध्या किती कुजवायच्या, लगदा बोटाला कसा लागला पाहिजे, हे सगळं जगाला फुकट वाटत होते. तेही लेकीच्याच हातानं! टाइप करणारीला काय कळतंय, असं त्यांना वाटायचं.

त्या एका वाचणाऱ्यावर मात्र त्यांचा लई जीव. त्याचे प्रश्न अफिफा वाचून दाखवायची. “बाळा, घाई करू नको,” असं मायेनं त्याला सांगायचे. अफिफाशी ते असं कधी बोलले नव्हते. ती मान खाली घालून टाइप करत राहायची.

सांगण्यासारखं सगळं संपलं, तेव्हा त्यांनी लिहायला लावलं, की ये आणि माझी जाळी घेऊन जा. लगद्यातनं कागद उचलायची ती जाळी गवताच्या काड्यांची, त्यांच्या आजोबांच्या हातची. ती नसेल तर नुसतं वाचून काही होत नाही.

कोणी आलं नाही. दाराशी खुर्ची टाकून त्यांनी अख्खा उन्हाळा काढला. रस्त्यानं कोणी अनोळखी दिसला की उठून उभे राहायचे. मग त्यांचं जेवण तुटलं.

“कुणालाच नको हाय आपलं,” एका जुम्म्याला ते म्हणाले. “सगळी हयात वाया गेली. ती जाळी बंबात घाल, अफू. माझ्या डोळ्यासमोर नको.”

“बरं,” अफिफा म्हणाली. तिनं जाळी ओढणीत गुंडाळली आणि पिशवीत ठेवली.

एसटी स्टँडवर तिला सोडायला अरफात आला. बापाची दशा बघून त्यालाही आता कुठं वाईट वाटू लागलं होतं.

“आपा, दुकानातल्या गिऱ्हाइकांना ब्लॉग वाचायला लावावा म्हटलं. चार माणसं वाढली तर अब्बा जेवतील तरी. पण मला तो सापडंचना. जगाला दिसायचं बटण तू दाबत व्हतीस ना?”

मंचरची गाडी लागली. अफिफानं पिशवी छातीशी धरली.

“एकदाबी नाय,” ती म्हणाली.