क्रॉसचं पिल्लू

"हे नको. ते तांबडं द्या," लिडियाबाई म्हणाल्या.

शांतवन मास्तरांचा हात मांडीवरच्या काळ्या पिल्लाच्या पाठीवर तसाच थांबला. पिल्लू त्यांच्या सदऱ्याचं बटण चाटत होतं. अस्सल पूडल. दाट, कुरळे, मखमलीसारखे केस. भिंगारच्या त्या बंगल्यात मास्तरांनी पाऊल टाकल्यापासून ते त्यांना सोडायला तयार नव्हतं.

"अगं, बाईसाहेब हेच देतायत ना आपल्याला," मास्तर हळूच म्हणाले.

मेजर घाटग्यांची बदली झाली होती. व्हरांड्यात सामानाच्या पेट्या रचलेल्या होत्या. घाटगेबाईंकडे पूडलच्या दोन माद्या. एकीसाठी पुण्याहून अस्सल नर आणला होता. दुसरीनं आपलं आपणच मेसवरच्या तांबड्या गावठी कुत्र्याशी जमवून घेतलं. आता दोन्हीकडचं एकेक पिल्लू उरलं होतं, आणि ती चांगल्या घरी पडली की बाई मोकळ्या होणार होत्या.

"गंमत बघा मास्तर," घाटगेबाई म्हणाल्या, "येतो तो आधी या काळ्यावरच हात फिरवतो. वा वा करतो. आणि नेताना क्रॉसचं नेतो! याचे केस गळत नाहीत, पण वाढतच राहतात. रोज विंचरायचे, वेळच्या वेळी कापायचे. जरा हयगय झाली की जटाच. कान पुसा, डोळे पुसा, खाण्याचे नखरे सांभाळा. त्या तांबड्याला आईची अक्कल आहे आणि बापाचं पोट."

मास्तरांना ते सगळं कबूल होतं. लहानपणी मिशनच्या आवारात मडमेचं असंच काळं पूडल होतं. एका रविवारी त्याची साखळी धरून फाटकापर्यंत चालायला त्यांना मिळालं होतं. ती हौस मनात राहून गेली होती. पण लिडियाबाईंनी घरात कुत्रं कधी येऊ दिलं नाही. "पोर न्हाई म्हनून कुत्री पाळायची व्हय?" एवढं बोलून त्या विषय तोडायच्या.

आणि त्या उन्हाळ्यात, मास्तर शाळेतून निवृत्त झाल्यावर, त्या आपण होऊन म्हणाल्या, "एखादं कुत्रं आनू या घरात." मास्तर हरखून गेले. अलीकडं बायको बदललीच होती. त्यांना स्टोव्ह पेटवायला लावायची, पिठलं ढवळायला लावायची, कुठल्या डब्यात काय आहे ते परत परत दाखवायची. रिकाम्या नवऱ्याला कामाला जुंपलंय हिनं, असं मास्तर शेजाऱ्यांना हसून सांगत.

लिडियाबाईंनी तांबडं पिल्लू उचललं. त्याचे केस धड कुरळे नव्हते, धड सरळ नव्हते. एक कान उभा, एक पडलेला. मास्तरांना ते बघवेना.

"शिळी भाकर खाईल का हे, बाईसाहेब?"

"खाईल की."

"आन आंगोळ? औंदा पान्याचे लई हाल हायेत."

"नाही घातली तरी चालेल."

"पुरुषमानसाच्या हाताला राहील? ज्याला सोताचा सदरा बी धड धुता येत न्हाई, अशाच्या?"

घाटगेबाई मोठ्यानं हसल्या. मास्तरांचे कान तापले. परक्या घरात, मेजरच्या बायकोसमोर! त्यांनी मान खाली घातली.

लिडियाबाईंना हसू आलं नाही. "आन मानूस बदललं, तर अन्न सोडायचं न्हाई ना?"

"पूडल सोडेल हो. ते एकाला लागलं की त्याचंच होतं. याचं तसं नाही. भाकरी टाकेल तो याचा मालक."

"मग हेच," लिडियाबाई म्हणाल्या.

मास्तरांनी काळं पिल्लू खाली ठेवलं. ते त्यांच्या पायात घुटमळत फाटकापर्यंत आलं. शेवटी घाटगेबाईंनी त्याला उचलून आत नेलं.

टांग्यात चढताना लिडियाबाईंना दोनदा थांबावं लागलं. मास्तरांनी हात दिला नाही. वाटेवरचा किल्ला मागं पडेपर्यंत ते तोंड फिरवून बसले. दुपारच्या उन्हात रस्त्यावर माणूस नव्हतं. खंदकाकडची झाडं वाळून गेली होती. मग त्यांचा बांध फुटला.

"जन्मभर तुझ्या मनासारखं केलं मी. लिडिया, एवढं एक माझ्या मनासारखं होऊ दिलं असतंस तर काय बिघडलं असतं? लोक नेईनात, कारण त्यांना करायला नको. आपल्याला काय काम आहे दुसरं? रोज विंचरायचं, एवढंच ना? तू विंचरलं असतंस!"

लिडियाबाईंनी पदराखालून पिल्लू काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते कूं कूं करत मास्तरांचा हात हुंगू लागलं. मास्तरांनी हात काढून घेतला. लिडियाबाईंनी तो धरून पुन्हा पिल्लावर ठेवला, आणि आपला हात त्यावर तसाच दाबून धरला.

"शाळेत तुमचा निरोपसमारंभ हुता ना, त्या दिशी सकाळी मी दवाखान्यात गेल्ते," त्या म्हणाल्या. "पोटातली गाठ वाईट निघाली. डॉक्टरीनबाई म्हनल्या, नाताळ दिसायचा न्हाई. सांजच्याला तुमाला सांगनार हुते, पर तुमी गळ्यात हार घालूनच घरी आला."

टांगेवाल्यानं घोड्याला हाक दिली.

"तुमाला एकट्याला झेपंल, असं बघून घेतलंय हे."