घरातलं नाव

फोनवर हुंदके होते आणि आवाज हुबेहूब लेकीचा. "नानाय, मी रोवेना! रियाधमध्ये मोठ्या अडचणीत सापडलेय गं. तुझ्या नि बाबांच्या ओळखपत्रांचे फोटो पाठव, आत्ताच्या आत्ता!"

नानाय म्हणजे आई; लेकीची ती हाक ऐकून लुर्देसबाई कपाटाकडे धावल्या. त्यांनी दोन्ही ओळखपत्रं टेबलावर मांडलीसुद्धा, आणि मग त्या थबकल्या. रोवेना? ते नाव दाखल्यावर होतं, फेसबुकवर होतं. इलोइलो शहरातल्या या घरात मात्र त्या नावानं आजवर कुणी हाक मारली नव्हती.

"घरात मी तुला काय म्हणते गं?"

"रोवेनाच की, नानाय!"

त्यांनी फोन कापला आणि लेकीचा नेहमीचा नंबर लावला.

"कोण बोलतंय?"

"अगं, मीच! ड्यूटीवर आहे."

"मी म्हणजे कोण? घरातलं नाव सांग."

"नानाय, इथं सगळ्या नर्सेस बसल्यात! ते नाव कुठं लिहायचं नाही, बोलायचं नाही, असं किती वेळा बजावलंय तुला?"

"सांग म्हणते ना!"

जन्मली तेव्हा पोर खराट्याच्या काडीसारखी काटकुळी होती, म्हणून पडलेलं नाव. आता ती चांगली गरगरीत झाली होती.

"...तिंगतिंग," ती पुटपुटली. "खराट्याची काडी. झालं समाधान?"

पलीकडे एकच हशा पिकला. इकडे लुर्देसबाईंनी ओळखपत्रं उचलून छातीशी धरली.

"हसू देत त्यांना, बाळा," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तुला त्या नावाची लाज वाटली, म्हणून आज आपलं घर वाचलं."