मूठभर मातीचं माहेर

हौसाबाईनं कुंपणातून हात घातला आणि शेजारच्या निवृत्तीभावजींच्या भोपळ्याच्या मुळाशी असलेली मूठभर माती पळवली. यंदा गावच्या प्रदर्शनातली भोपळ्याची ढाल तिला हवीच होती. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन कालवून जीवामृत झालं होतं. विरजणापुरते भावजींच्या मातीतले जिवाणू तेवढे हवे होते.

ती माती कालवून जीवामृत पाजल्यावर तिची वेल अशी तरारली, की सकाळी तिच्यावर वाळत घातलेलं लुगडं दुपारी शिडी लावून काढावं लागलं. पण जिवाणूंना लागली घरची ओढ! त्यांनी मुळं धरून वेलीला कुंपणापलीकडे पिटाळलं, आणि बैलाएवढा भोपळा धरला तो भावजींच्या अंगणात.

भावजी परीक्षकांना आपल्या वेलीच्या मुळाशी पडलेला मुठीएवढा खड्डा दाखवून मिशीला पीळ देत म्हणाले, "वहिनी, जिवाणू आमचे. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं!"

हौसाबाईनं पदर खोचला. "झालं ना सुखरूप? मग करा पाठवणी. बाळ सासरचं असतं, भावजी!"

परीक्षकांनी माना डोलावल्या. ढाल हौसाबाईला मिळाली, आणि माहेरची रीत म्हणून बाळाची कुंची भावजींनाच शिवावी लागली. तिला अख्खी ताडपत्री गेली.