समसमान वाटणी

आयुष्यभर वायरिंगची कामे केलेल्या आप्पांनी घरच्या इन्व्हर्टरसाठी दोन बॅटऱ्या पारखून आणल्या होत्या, एकाच वयाच्या आणि एकाच ताकदीच्या. दोन्ही एकमेकींना जोडल्या तरच इन्व्हर्टर चालायचा, आणि वीज गेली की आप्पांचे ऑक्सिजनचे यंत्र त्याच्याच जिवावर घुमायचे.

पुढे मुलांनी घराची वाटणी केली. ती इतकी चोख, की दोघांनी एकेक बॅटरी उचलली आणि मधली तारसुद्धा मोजून अर्धी अर्धी कापली. इन्व्हर्टर तेवढा आप्पांच्या खोलीत राहिला, कारण ती खोली आणि आप्पा कुणालाच नको होते.

"अरे, एकेकटी बॅटरी नेऊन काय उशाला घेणार?" आप्पांनी विचारले.

"हक्क म्हणजे हक्क, आप्पा," थोरला म्हणाला.

महिना होतो न होतो तोच एका संध्याकाळी वीज गेली, यंत्र थांबले आणि आप्पांची धाप भिंतीपलीकडे ऐकू गेली. दोघेही आपापली बॅटरी फरफटत घेऊन आले. थोरल्याने नवी तार जोडली, धाकट्याने नट आवळले आणि यंत्र पुन्हा घुमू लागले. नाकातल्या नळीतून हवा आली तसे आप्पांचे डोळे पाणावले. आपण जोडलेले अजून पुरते तुटलेले नाही, असे वाटून त्यांनी मुलांकडे मान वळवली.



दोघेही आपापल्या बॅटरीला मीटर लावून वाकले होते, आणि धाकटा म्हणत होता, "दादा, माझीच जास्त उतरतेय. आप्पांना म्हणावं, श्वास जरा बेतानं घ्या."