आठ मिनिटांची पेस्ट

“मिसळल्यापासून बरोबर आठ मिनिटांत हे दगडासारखं घट्ट होतं,” असं म्हणत मी कॅल्शियम फॉस्फेटची पूड वाटीतल्या द्रवात घोटायला घेतली. समोर वीसेक हाडांचे डॉक्टर बसले होते. टेबलावर बोकडाची नळी होती, घरी कुत्रा आहे असं खाटकाला खोटं सांगून आणलेली. तिला पाडलेल्या भोकात ही पेस्ट भरून दाखवायची होती. सहा वर्षं खपून बनवलेली माझी पेस्ट डॉक्टर पहिल्यांदाच बघणार होते, आणि त्यांना पटली तरच ती प्रयोगशाळेबाहेर पडणार होती.

पण प्राध्यापकाला आयते श्रोते मिळाले, की त्याचं भान सुटतं. आपली हाडंही याच क्षाराची असतात, हे मी हाडांच्याच डॉक्टरांना समजावून सांगितलं. मग इतरांच्या पेस्टला घट्ट व्हायला किती वेळ लागतो, यावरून त्यांची यथेच्छ टिंगल केली. शेवटी ऐटीत चमचा उचलला.

चमच्याबरोबर वाटीही वर आली.

पहिल्या रांगेतल्या ज्येष्ठ सर्जन होनराव मॅडम उठल्या. त्यांनी वाटी उलटी करून टेबलावर तीनदा आपटली. कणही निघाला नाही.

“माल पक्का आहे हो, सर,” त्या म्हणाल्या. “चाचणीसाठी आमच्याकडे पाठवा. तुम्ही मात्र सोबत येऊ नका.”

ती वाटी आजही माझ्या टेबलावर आहे, चमच्यासकट. कुणी विचारलं तर हा किस्सा मी थोडक्यात सांगतो. चहा मात्र समोरच्यानं आधी पिऊन घ्यावा.