पाण्याबाहेर या

"बाई, पाण्याबाहेर या. आज तुम्हाला पासष्ट पूर्ण झाली," विहिरीच्या काठावरून अधिकारी ओरडला.

पासष्टी गाठलेल्या प्रत्येकाला सरकारी निरोपगृहात नेऊन मरणाची सुई देत. तसा कायदाच होता. हौसाबाईंचा नवरा मागच्या वर्षी निमूट गेला होता.

हौसाबाईंकडे पोहायला शिकणाऱ्या मुली घाबरून पायऱ्यांवर चढल्या. हौसाबाई मात्र पाण्यातून हलल्या नाहीत.

"मला नाही मरायचं. न्यायचंच असेल, तर आत उतर."

अधिकाऱ्याला पोहता येत नव्हतं. तो काठावरूनच दरडावत राहिला. तेवढ्यात एक मुलगी परत पाण्यात शिरली. मग दुसरी, मग सगळ्याच. त्यांनी बाईंभोवती कडं केलं.

अखेर निरोपगृहाची गाडी रिकामीच परतली.

"उद्या ते पोहणारी माणसं आणतील," एक मुलगी म्हणाली.

"आणू देत की," हौसाबाई म्हणाल्या. "तुम्ही पासष्टीला टेकलेल्या घरच्या म्हाताऱ्यांना पाण्यात घेऊन या."